आबांची गाठ आणि माझा पाय

आबांच्या माकडहाडातून काढलेली गाठ दवाखान्याने प्लास्टिकच्या बरणीत घालून माझ्याच हातात दिली. लॅबला तुम्हीच नेऊन द्या म्हणे. जणू मी डबा पोचवायला निघाले होते.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून कुंभार पिंपळगावात कुणाच्या पाठीत उसण भरली की दैवशालाला बोलवा. मी पाय लावायचा, पाठ मोकळी व्हायची. आबांच्या कमरेवर तर दोन वर्षं दर शनिवारी पाय दिला. त्यानंच ही गाठ झाली का, एवढंच मला विचारायचं होतं. बाकीचा रिपोर्ट गेला खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या डॉक्टर रुची यांनी गाठ कापायला घेतली.

"बाहेर थांबा," त्या म्हणाल्या.

"न्हाई. माझ्या बापाचं हाय, बघू द्या."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हाकललं नाही.

नारळाएवढी गाठ, वर पातळ पापुद्रा. सुरी फिरताच आतून शिजलेल्या साबुदाण्यासारखा करडा, बुळबुळीत गर निघाला. मधेमधे रक्ताचे काळे डाग आणि हाडाचा चुरा. हाड आतून पार खाऊन टाकलं होतं. मला स्वतःचाच राग आला. इतकं मऊ झालं होतं, तरी माझ्या तळव्याला कधीच कसं कळलं नाही?

"मॅडम, माझ्या पायानं झालं का हे?" मी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"बिलकुल नाही. फार क्वचित होणारी गाठ आहे ही. आईच्या पोटात मणका घडताना काही पेशी मागे राहतात, त्यातून होते. पाय दिल्यानं नाही."

मी स्टुलावर बसून मोठ्यानं रडले. महिनाभराचं ओझं उतरलं होतं.

मग त्यांनी गाठीची कड दाखवली. "गाठ अगदी या कापलेल्या कडेपर्यंत आली आहे. म्हणजे थोडी आत राहिली असणार, ती परत वाढेल. लहान असताना दाखवली असती तर सगळी निघाली असती. दोन वर्षं काय केलंत?"

दोन वर्षांपूर्वी आबा जालन्याला दाखवायलाच निघाले होते. पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. मीच म्हणाले, "आबा, एवढी जल्दी काय हाय? आधी मी पाय देऊन बघते." दिला. आबा उठून अंगणात नीट चालले, आणि मी हसत हसत पिशवी आत नेऊन रिकामी केली.