आकाशवाणी, वाघजाई केंद्र

गोमाजीच्या ओटीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. ओटीवर वरच्या वाडीचे पुरुष, पडवीत त्यांच्या बायका, आणि खाली खळ्यात, उन्हात, बौद्धवाडीची माणसं. खालच्या कापडे गावाहूनही लोक चढून आले होते. मुंबईत गिरण्यांचा संप रखडलेला, कितीतरी कर्ते पुरुष वाडीवर येऊन बसलेले, हाताला काम नाही. असल्या वेळी फुकटचा चमत्कार कोण सोडतो?

ओटीच्या मध्यावर, पाटावर, हळदीकुंकवानं माखलेला एक रेडिओ होता. त्याच्यामागं महादूबाबा. हा बाबा कशेडी घाटाच्या पलीकडून आलेला. मुंबईत बारा वर्षं तप केलं म्हणायचा. मुंबईत कुठं तप केलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"बघा, नीट बघा!" बाबानं रेडिओचं पाठचं झाकण काढून सेलची जागा सगळ्यांना दाखवली. "सेल हाय का? नाय! वायर हाय का भिंतीतली? नाय! आणि तरी बोलतो का? बोलतो! अहो, सरकार या पेटीला काय म्हणतं? आकाशवाणी! सरकारनंच कबूल केलंय, आपण कोण नाय म्हणणारे? मुंबईवाल्यांची आकाशवाणी सेलवर चालते. आपल्या वाघजाईची भक्तीवर!"

लोकांनी हात जोडले. खळ्याच्या कडेला उभी असलेली ललिता मात्र हात बांधून बघत राहिली. ललिता वाडीच्या शाळेवर मास्तरीण. बौद्धवाडीचीच पोर, महाडला शिकून परत आपल्याच गावात बदली मागून आलेली. शाळेत पोरांना ती रेडिओचा धडा शिकवायची. सेलशिवाय बोलणारा रेडिओ त्या धड्यात नव्हता.

बाबानं बटण पिळलं. थोडी खरखर, आणि मग बाईचा गोड, शुद्ध आवाज:

"हे आकाशवाणीचं वाघजाई केंद्र आहे. भक्तांनी आपले सवाल विचारावेत."

अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोला. नियम मोठा कडक होता. विचारणाऱ्यानं पुढं यायचं, नाव सांगायचं, सवाल सांगायचा, तोही मोठ्यानं. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. उघडलं तर केंद्र बंद.

आणि देवी काय काय सांगायची! संप कधी मिटेल, रेशनवर रॉकेल का येत नाही, घाटात दरड कुणाच्या पापानं कोसळते, नसबंदी करावी की नाही. महिन्याभरात वाडीतली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली. बांधाचा वाद असो की पोरीचं लग्न, जो तो गोमाजीच्या ओटीवर. घराघरातली भानगड देवीला आधीच ठाऊक असायची. वाडीत गोमाजीलाही ती ठाऊक असायची, पण तो योगायोग.

इथवर ललितानं हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या आठवड्यात देवी विहिरीवर बोलली.

वाडीला सरकारी विहीर मंजूर झाली होती. पाणी शोधणारे साहेब येऊन दोन्ही वाड्यांच्या मधल्या उंबराखाली कातळावर पांढरा रंग मारून गेले होते. तिथं विहीर झाली तर दोन्हीकडच्या बायांना सारखीच जवळ. नेमकी तेव्हाच देवी म्हणाली, "उंबराखाली माझा वास आहे, तिथं पहार लावाल तर वाडी उजाड होईल. विहीर गोमाजीच्या परसात खणा."

परसात! गोमाजीच्या कुंपणाच्या आत. तिथं बौद्धवाडीच्या बाईला पाय कोण ठेवू देणार? उन्हाळ्याच्या दिवसांत या बाया पार खालच्या नदीतून पाणी आणत. ललिताची आई, चंपाबाई, चार दिवसांपूर्वीच दगडावरून घसरली होती. हंडा गेला आणि मनगट सुजून टम्म झालं. तरी दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं कळशी घेऊन निघाली. ललिता शाळेत असायची, भाऊ रामा पोलादपूरला गवंड्याच्या हाताखाली. वहिनी मंजुळा दोन खेपा करायची, तिसरी म्हातारीच्या वाट्याला. आईचं ते सुजलेलं मनगट बघून ललिताचं रक्त उकळलं होतं. सोमवारी ग्रामसभा होती. वरच्या वाडीचे हात देवीच्या बाजूनं वर गेले की विहीर कायमची परसात.

म्हणून ती आज बघायला आली होती. नुसतं बघायला.

म्हातारी सुंदराबाई पुढं आली. वरच्या वाडीतली, दमेकरी. आवाजच फुटत नव्हता. रेडिओपाशी वाकून ती काहीतरी कुजबुजली.

रेडिओ गप्प. मग देवी म्हणाली, "आवाज स्पष्ट येत नाही. भक्तानं पुन्हा विचारावं."

लोकांना त्यातही नवल वाटलं. अगदी खऱ्या रेडिओसारखं! ललिताच्या मनात मात्र चक्र फिरायला लागलं. देवीला पोटातलं कळतं आणि ओठातलं कळत नाही? तिची नजर ओटीवर फिरली. जमीन जुनी, फिकट सारवलेली. पण पाटाच्या खालून निघून आतल्या खोलीच्या कुडाच्या भिंतीपर्यंत, हातभर रुंदीचा एक पट्टा तेवढा गडद होता. ताजं शेण. सगळी ओटी सोडून कुणी एवढाच पट्टा का सारवेल?

आणि आतल्या खोलीत कोण असतं? गोमाजीची सून, नीला. मुंबईत वाढलेली, मॅट्रिक झालेली, शिमग्यात लग्न होऊन आलेली. आल्यापासून तिनं म्हणे मौनव्रत धरलं होतं. वाडीत कुणीच तिचा आवाज ऐकला नव्हता.

घरी आल्यावर ललितानं रामाला सगळं सांगितलं.

"म्हंजे ती सूनबाय बोलते?" रामा डोकं खाजवत म्हणाला. "पन ललू, आपन सांगून कोन ऐकंल? म्हनतील, खालच्यांना विहीर पायजे म्हनून देवीवर आळ घेतात."

"म्हणून आपण काहीच सांगायचं नाही, दादा. देवीलाच सांगू दे. तिला ऐकू येतं, पण दिसत नाही. उद्या तू ओटीवर चढून सवाल विचार."

"मी? ओटीवर?" रामा तिच्याकडं बघतच राहिला. त्या ओटीवर त्यांच्या घरातलं कुणी कधी चढलं नव्हतं.

"त्याचाच तर उपयोग आहे. नाव सांग, सवाल सांग. एक शब्द जास्ती नको."

मंजुळा चुलीपाशी बसून ऐकत होती. "जावा हो," ती म्हणाली. "मारलं तर मी हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार. कालच्यापेक्षा दुप्पट गर्दी. बाबानं सेलची रिकामी जागा दाखवली, भक्तीवर चालणाऱ्या पेटीचं भाषण केलं, बटण पिळलं. केंद्र सुरू झालं आणि रामा खळ्यातून उठला. पायऱ्या चढून सरळ ओटीवर.

सगळी ओटी आक्रसली. कोपऱ्यात बसलेला गोमाजी ताडकन उठला. "अरे, हा खा..."

"गोमाजीकाका!" खळ्यातून ललिताचा आवाज शाळेत घुमतो तसा घुमला. "नियम काय आहे? विचारणाऱ्याशिवाय कुणी बोलायचं नाही. केंद्र बंद पडलं तर पाप कुणाला?"

"खरं हाय, गप बसा!" मागून दोघंचौघं ओरडले. त्यांचे सवाल अजून राहिले होते ना! बाबा घाटापलीकडचा, त्याला कोण वरचा आणि कोण खालचा काय कळणार? त्यानं गोमाजीलाच डोळ्यांनी दटावलं आणि रामाला हात केला, "विचार बाळा."

रामानं घसा साफ केला. "मी रामा. विहीर कुठं खनायची?"

आता वाडीत रामा दोन. एक हा, आणि एक गोमाजीचा सख्खा पुतण्या. आणि ओटीवरून, रेडिओच्या अगदी जवळून बोलणारा रामा बौद्धवाडीचा असेल, हे गोमाजीच्या घरात बसलेल्या कुणाच्याही स्वप्नात आलं नसतं. खालचं कुणी ओटीवर चढत नाही, हा रिवाज गोमाजीनं सुनेला पहिल्याच दिवशी शिकवला होता.

"रामा," देवी प्रेमानं म्हणाली, "तू घरचा माणूस. विहीर तुझ्या चुलत्याच्याच परसात होऊ दे. तुझ्या मळ्याला पहिलं पाणी मिळेल. खालच्यांना तुम्ही वरून वाढा, दोराला हात लावू देऊ नका. आणि तुझी मैना माहेरी रुसून बसली आहे, तिला आणायला जा."

 आणि मग खळ्यातून मंजुळा किंचाळली.

"कोन गो ही मैना? अवो, कोन ही?"

"मैना माझी बायको हाय!" ओटीवरचा दुसरा रामा, गोमाजीचा पुतण्या, लालबुंद होऊन उभा राहिला. "नि ती रुसली नाय, बाळंतपनाला गेलीया!"

खळ्यात हशा उसळला. मग तो पडवीत शिरला. बायांनी पदर तोंडात कोंबले तरी आवरेना. बाबा मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "शांत राहा! खरखर झाली! मुंबई केंद्र मधी घुसलं!" असं म्हणत तो बटण गरागरा फिरवायला लागला. बटण फिरवून काही होत नव्हतं, कारण ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

ललिता पायऱ्या चढून वर आली. तिला अडवायला कुणाला भान नव्हतं.

"बाबा, समोर कोण उभं आहे ते देवीला दिसत नाही का? रामा ऐकलं आणि घरचा रामा धरला. काल सुंदराआजी हळू बोलल्या तर देवीला ऐकू गेलं नाही. सगळं जाणणारी देवी आपल्यासारखीच कानांनी ऐकते कशी?"

"पेटीला हात लावू नका! कोप होईल!"

"कोप होऊ दे माझ्यावर," मैनेचा रामा म्हणाला. बायकोचं नाव चारचौघांत निघालेलं, तो आता देवाचंही ऐकणार नव्हता. त्यानं पाट लाथेनं सरकवला आणि रेडिओ उचलला. रेडिओ पुरता उचललाच गेला नाही. खालून वायर ताणली गेली. त्यानं हिसडा दिला तशी ताज्या शेणाचा तो पट्टा उकलत उकलत थेट कुडापर्यंत गेला, आणि आत काहीतरी धाडकन पडलं.

त्याच वेळी रेडिओतून रडण्याचा आवाज यायला लागला. देवी रडत होती. हुंदके देऊन देऊन रडत होती.

सुंदराबाईनंच आतलं दार लोटलं. आत दाण्याच्या कणगीमागं नीला बसलेली, हातात लग्नातल्या लाऊडस्पीकरवाल्याचा माईक. बाजूला त्याचं यंत्र आणि कशेडीत उलटलेल्या कुठल्याशा ट्रकची बॅटरी. ओटीवरच्या पेटीत कर्ण्याशिवाय काही नव्हतं. बाबाचं बारा वर्षांचं तप मुंबईत मांडववाल्याकडं, कर्णे बांधण्यात झालं होतं.

"मी नको म्हणत होते," नीला म्हणाली. तोच गोड, शुद्ध आवाज. पडवीतल्या बाया तो ऐकून मागं सरकल्या. "मामंजी म्हणाले, चारदोन महिने बोल, नाहीतर मुंबईला नवऱ्याकडं कधी पाठवणार नाही. गावातलं सगळं तेच सांगायचे. मी फक्त बोलायचे. मला ओटीवर कोण आलंय तेसुद्धा दिसत नव्हतं."

सुंदराबाईनं तिला जवळ घेतलं आणि गोमाजीकडं बघून असं काही बोलली, की दमेकरी म्हातारीत एवढा जोर कुठून आला, याचंच सगळ्यांना नवल वाटलं. बाबा तेवढ्यात मागच्या दारानं निघाला होता. पोरांनी त्याला बांधावर धरला आणि पोलादपूरला चौकीवर पोहोचवला.

लोक उठायला लागले तशी ललिता म्हणाली, "जरा थांबा. मला एकच सांगायचं आहे. वायर सापडली म्हणून आज आपण हसतो. उद्या वायरीशिवायचा कुणी येईल. तेव्हा इतकंच विचारा, हे कसं होतं? आणि यानं कुणाचं भलं होतं? महिनाभर आपण एका पेटीला सवाल विचारले, शेजारच्याला एक विचारला नाही. विहीर कुठं हवी हे या खळ्यात बसलेल्या बायांना कुणी विचारलं का?"

 दोघंतिघं मात्र जाताना पुटपुटलेच, की खालचा माणूस ओटीवर चढला म्हणून देवी निघून गेली. अशी माणसं असतात. वायर हातात दिली तरी ती म्हणतील हा देवीचा केस.

सोमवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. गोमाजी आला होता. तोंड पाडून, पण आला होता. "परसातली जागा मी फुकट देतोय," तो म्हणाला. "देवीचं सोडा, माझं ऐका." वरच्या वाडीतल्या कितीकांच्या माना हलल्यासुद्धा. 

तेवढ्यात सुंदराबाई काठी टेकत उठली, पुरुषांना ओलांडून थेट बायांच्या टोकाला बसलेल्या चंपाबाईसमोर जाऊन उभी राहिली. सारा जन्म वरच्या वाडीनं जिला 'ए चंपे' म्हणूनच हाक मारलेली, ती चंपाबाई पदर सावरत उठायला लागली.

"बस गो, चंपाबाय, उठू नको," सुंदराबाई म्हणाली. "तू सांग. विहीर कुठं पायजे?"

चंपाबाईनं आधी ललिताकडं बघितलं, मग सभेकडं. असं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग तिनं ते सुजलेलं मनगट पुढं धरलं.

"साहेबानं रंग मारलाय थितंच खना," ती म्हणाली. "नि पावसाच्या आधी खना. मला आता नदी उतरवत नाय."

सुंदराबाईनं तिथंच उभ्या उभ्या आपला हात वर केला. मग मैनेच्या रामानं केला. मग काल पडवीत बसलेल्या वरच्या वाडीच्या सगळ्या बायांनी, एकेक करत, नवऱ्यांकडं न बघता.