विमानाचं नाक

वादिराजांनी आयुष्यात कुणाला काही विचारलं नव्हतं. ते फक्त सांगत. सरकारी खात्यात इंजिनिअर होते तेव्हा हाताखालच्यांना सांगत आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांना. मग रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागला आणि तंजावूरातल्या पाचसात हौशी मंडळींच्या क्लबाला सांगू लागले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय. उंट गेला तरी माणूस खाली उतरायला तयार नव्हता.

त्यांची मेहुणी सुप्रभा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. रविवारी बहिणीकडे, सीतालक्ष्मीअक्काकडे, जेवायला यायची आणि भावोजींचं व्याख्यान भाजीबरोबर गिळून जायची.

त्या रविवारी ओसरीवर विमानाचं नवं फायबरग्लासचं धड मांडलं होतं. पांढरंशुभ्र, लांबलचक, अंड्याच्या टरफलासारखं गुळगुळीत. नाकात प्लायवुडची गोल चकती बसवायची होती. मोटर तिच्यावर, म्हणजे विमानाची सगळी ओढ तिच्यावर. क्लबातला गणेशकुमार शेजारी मान डोलवत बसला होता. मान डोलवणं हेच त्याचं क्लबातलं काम.

सुप्रभाने धडाच्या नाकात आतून बोट फिरवलं. बोट तेल लावल्यासारखं घसरलं.

"भावोजी, आतून घासलं नाही का?"

"घासायला ही काय इडलीची भांडी आहेत?"

गणेशकुमार हसला.

"साच्यातून सुटावं म्हणून मेण लावतात. ते आत राहिलंय. ॲसिटोनने पुसून, पॉलिश पेपरने खरखरीत केल्याशिवाय गोंद धरायचा नाही. आणि हा पाच मिनिटांत सुकणारा गोंद मोटरच्या जागी नको. सावकाश सुकणारा घ्या."

"सुप्रभा," वादिराज लहान मुलीशी बोलावं तसं म्हणाले, "तुझं शास्त्र फळ्यावर ठीक. मी पूल बांधलेत."

चकती त्यांनी ठोकून बसवली. इतकी घट्ट, की बाहेरून नाकाला टेंगूळ आलं. ते बघून म्हणाले, "पकड बघ कशी आहे." सुप्रभाने टेंगळाकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. पडू दे एकदा. सगळ्यांसमोर पडू दे. विमान उडवायच्या दिवशी ती मुद्दाम इस्त्रीची साडी नेसून गेली.

पापनाशमच्या रस्त्याला भाताची कापणी होऊन रिकामं झालेलं शेत क्लबाने मागून घेतलं होतं. वादिराजांनी टोपी घातली, आधी भाषण केलं, मग विमान सोडलं. विमान उठलं, तेही झोकात. गणेशकुमारने टाळ्या वाजवल्या. सुप्रभाला क्षणभर वाईटही वाटलं.

मग वादिराजांनी विमान सरळ आभाळाकडे चढवलं. वर कुठेतरी काडकन आवाज झाला आणि मोटर पंख्यासकट, चकतीसकट, तारा तोडून सुटली. धड कोलांट्या खात बांधापलीकडे गेलं. मोटर गिरक्या घेत अलीकडे आली आणि पाण्याची कॅन घेऊन येणाऱ्या अक्काच्या पावलांपुढे हातभर अंतरावर मातीत घुसली.

अक्का होती तिथेच मटकन खाली बसली.

सुप्रभा चपला टाकून धावली. वादिराजही धावले. बांधापलीकडे, विमानाकडे.

"कंपनीने भिकार माल दिलाय," तिकडून त्यांचा आवाज आला. "पाठवतो परत. सोडत नाही."

अक्काला काही लागलं नव्हतं. फक्त कॅन कलंडून साडी भिजली होती. सुप्रभाने मातीतली मोटर उपसली. मागची चकती उलटी केली. सुकलेला गोंद कडेने जसाच्या तसा होता, काचेसारखा चकचकीत. फायबरचा एक धागासुद्धा त्याला चिकटलेला नव्हता. तुटलं काहीच नव्हतं. मुळात चिकटलंच नव्हतं.

वादिराज धड छातीशी धरून आले. सुप्रभाने चकती त्यांच्यापुढे धरली. "हा बघा तुमचा पूल."

"तुला आनंदच झाला असेल," ते म्हणाले.

"मी इकडे होते," अक्का खालूनच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "विमान तिकडे होतं. तुम्ही तिकडे गेलात."

वादिराजांनी छातीशी धरलेलं धड खाली ठेवलं. सांगायला काही सापडेना, हे बहुधा प्रथमच झालं. सुप्रभाला ते दृश्य फार गोड वाटत होतं, तेवढ्यात अक्का तिच्याकडे वळली.

"तुला ठाऊक होतं ना हे सुटणार?"

"सांगितलं होतं मी."

"एकदा. दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

सुप्रभाने स्वतःच्या साडीकडे पाहिलं. निऱ्यांना चिखल लागला होता. भावोजींसाठी साठवलेली सगळी तुच्छता घशाशी आली आणि तिला तीच गिळावी लागली. चव चांगली नव्हती.

पुढच्या रविवारी ओसरीवर वादिराज त्याच धडाच्या नाकात कोपरापर्यंत हात घालून घासत बसले होते. फायबरची भुकटी अंगाला लागून माकडासारखे खाजवत होते. सुप्रभा शेजारी उभी. "अजून चमकतंय. घासा." पुसून झालं, सावकाश सुकणारा गोंद दाट करून चकतीच्या कडेने गोलसर भरला. त्याआधी एका टाकाऊ तुकड्यावर तिने त्यांच्याकडूनच लाकूड चिकटवून घेतलं होतं. ते पक्कडीने उपटायला लावलं. लाकूड फाटलं, जोड हलला नाही.

"हे मी म्हणणारच होतो," वादिराज म्हणाले.

संध्याकाळी गणेशकुमारला फोनवर सांगताना तिने ऐकलं. "घासल्याशिवाय चिकटत नाही रे. अनुभवाच्या गोष्टी आहेत या." तिने ओठ मुडपले. असल्या माणसाच्या आतलं मेण कुठल्या पॉलिश पेपरने जायचं?

आठवड्याभराने विमान उडालं आणि चांगलं उडालं. सुप्रभा घरी अक्काजवळ शेंगा सोलत बसली होती. शेतावरून अक्काला वादिराजांचा फोन आला. स्क्रीनवर त्यांचा टोपीतला फोटो.

"घेत नाहीस?" सुप्रभाने विचारलं.

"उडालं असेल," अक्का म्हणाली आणि फोन वाजू दिला.