पियानोच्या पोटातली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि हिवाळाभर पियानोच्या पोटात राहते. मित्रांनो, हसू नका. तुम्ही कुठे राहता हे मी विचारलं का?

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. जन्मले तेव्हा मी लालबुंद होते. तसं रूप पुन्हा कधी आलं नाही. गावातल्या दुकानातून राइलीबाईंनी मला घरी आणलं. राइलीबाई संगीत शिकवतात, सकाळी शाळेत आणि संध्याकाळी घरी. घर फिनलंडमधल्या एका तळ्याच्या काठी आहे. तिथे माझा पहिला उन्हाळा काकड्यांबरोबर गेला. पोटात मीठ, व्हिनेगर आणि शेपूचे तुरे घेऊन मी तळघरात शांतपणे आंबत होते. मला वाटलं, आयुष्य म्हणजे हेच.

मग थंडी आली, घर तापवायला सुरुवात झाली, आणि बाईंनी घरच्यांना काकड्या भराभर संपवायला लावल्या. मला घासलं, पाण्याने भरलं, पियानोच्या खालची फळी काढली आणि मला आत ठेवून फळी लावून टाकली. मी घाबरले, पण लवकरच मला माझं काम कळलं. तापवलेल्या घरातली हवा कोरडी असते. त्या हवेत पियानोचं लाकूड आकसतं, तडकतं. माझ्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि लाकडाला ओल मिळते. बाई शिष्यांना सांगायच्या, "हिवाळ्यात लाकूड, माणूस आणि सूर, तिन्ही आकसतात. तिघांकडेही बघावं लागतं."

शेपूचा वास मात्र माझ्या अंगातून कधी गेला नाही. ह्या घरात पियानो शिकलेल्या मुलांना आजही कुठे मैफल ऐकली की काकडी खावीशी वाटते. कारण त्यांना ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

मला पाणी घालायचं काम बाईंचे यजमान ओसमो यांचं. ते दुधाचा टँकर चालवायचे. पुढे त्यांचे गुडघे धरले आणि वाकणं जमेना, तेव्हा त्यांनी गोठ्यातली एक रबरी नळी आणली, पियानोच्या वरच्या झाकणातून कडेकडेने खाली सोडली आणि तिचं टोक माझ्या तोंडात दिलं. वरून एक कपभर पाणी ओतायचं, दर शनिवारी, सौनाला, म्हणजे गरम वाफेच्या न्हाणीला, जाण्याआधी. आठवड्यात तेवढंच उडायचं. बाई म्हणाल्या, "ओसमो, हा पियानो आहे, गाय नाही." पण नळी राहिली. शनिवारी कप ओतून झाला की ओसमो झाकणावर दोनदा टकटक करायचे. बाई स्वयंपाकघरातून "बरं" म्हणायच्या. मित्रांनो, तो माझा सुखाचा काळ होता.

त्यांची मुलगी सान्नी. माझ्या डोक्यावर बसूनच ती पियानो शिकली, म्हणायला हरकत नाही. मोठी झाल्यावर ती संगीत महाविद्यालयात गेली. त्या उन्हाळ्यात बाई दुकानात, चर्चमध्ये, बसच्या थांब्यावर, भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सान्नी पुढच्या वर्षी मैफलीत वाजवणार!" मी हे सगळं काकड्यांतून ऐकलं.

शरदात मी पुन्हा पियानोत गेले आणि सान्नीचा फोन आला. फोन पियानोवरच ठेवला होता.

"आई, रागावू नकोस. मी महाविद्यालय वसंतातच सोडलं. खोदकामाची यंत्रं चालवायला शिकतेय. खूप छान वाटतं गं. माती कधी म्हणत नाही, पुन्हा पहिल्यापासून घे."

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी ओसमोंना विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो," ओसमो म्हणाले.

"कधीपासून?"

"बर्फ वितळायच्या आधीपासून. तिनं सांगू नको म्हटलं होतं."

"सगळा उन्हाळा मी गावभर सांगत फिरले. आणि तू शेजारी उभा होतास."

"होतो." आणि ओसमोंनी वर जोडलं, "कामाचे बूट मीच घेऊन दिले तिला."

संसाराच्या इतिहासात इतकं अनावश्यक वाक्य क्वचितच कुणी बोललं असेल. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

आमच्या भागात नवरा-बायको बोलत नाहीत हे शेजाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो, कारण बोलत असतात तेव्हाही बाहेरून असंच दिसतं. घरात एक मांजर होतं, मिर्री. सगळा कारभार तिच्यामार्फत चालू झाला.

"मिर्री, विचार त्याला, त्या बुटांना माती लागली की नाही अजून."

"मिर्री, सांग तिला, बूट त्यासाठीच असतात."

"मिर्री, सांग त्याला, काही माणसांची जीभसुद्धा बोलण्यासाठी असते."

"मिर्री, सांग तिला, आता पियानोचं पियानोने बघावं. माझ्या हातचं पाणी तिला नको असेल."

मिर्रीने यातलं काहीही कुणाला सांगितलं नाही. ती घरातली सर्वांत शहाणी होती.

आणि आता मित्रांनो, नीट ऐका, कारण पुढचं फक्त मला ठाऊक होतं.

ओसमो पाणी घालणार नाहीत, हे बाईंनी खरं मानलं. म्हणून ते टँकर घेऊन गेले की त्या गुपचूप झाकण उघडून नळीत कपभर पाणी ओतायच्या. त्यांची धार एकसारखी, तालात यायची. पण ओसमोंना शब्द पाळणं जमलं नाही. शनिवारी बाई चर्चच्या गायनाला गेल्या की तेही यायचे. त्यांच्या पाण्याला तळाशी राहिलेल्या कॉफीची चव असायची. आता ते टकटक करत नव्हते.

मला दोघंही ओळखू यायचे. दोघंही सुस्कारा टाकून ओतायचे. आणि नळीतून कुणालाच दिसत नव्हतं की मी गळ्यापर्यंत आले आहे.

नाताळाच्या सुमारास मी काठोकाठ भरले. नंतर आलेलं पाणी माझ्या अंगावरून खाली उतरू लागलं. पियानोच्या तळाची फळी भिजली. पेडल कण्हू लागलं. खालचे सूर जड झाले, पट्ट्या दाबल्या की वर यायला कुरकुरू लागल्या.

बाई त्या भागातल्या सर्वांत तिखट कानाच्या. लाकूड फुगलंय की सुकलंय, हे त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. पण राग कानात बसला की माणसाला जे ऐकायचं तेच ऐकू येतं. त्यांना वाटलं, बघा, कसा सुकलाय बिचारा! त्यांनी दोन कप ओतायला सुरुवात केली. तिकडे ओसमोंनाही वाटलं, पियानो कोरडा पडलाय आणि ही त्याच्यावर राग काढतेय. त्यांनीही कप वाढवला.

हिल्का नावाच्या एक निवृत्त पोस्टमन बाई शिकायला यायच्या. त्या म्हणाल्या, "राइली, तुझा पियानो चिखलातल्या गायीसारखा का गं वाजतो?"

"हवा कोरडी आहे," बाई कडक आवाजात म्हणाल्या, ओसमोंना ऐकू जाईल अशा.

मग एक दिवस, कॉफी पिता पिता, बाई म्हणाल्या, "मिर्री, सांग त्याला, तळ्याचं बर्फ गेलं आणि रस्ते सुकले की मी बहिणीकडे राहायला जाणार. पियानो घेऊन."

कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "मिर्री," ओसमो म्हणाले, "विचार तिला, उन्हाळ्यापुरतं का?"

"सांग त्याला, उन्हाळ्यापुरता पियानो कुणी नेतं का?"

मी बरणी आहे. मला ओरडता येत नाही. मी फक्त भरून वाहू शकत होते, आणि ते मी करतच होते.

पियानो हलवण्याआधी तपासायला तुइरे आली. ती गावोगावचे पियानो जुळवते आणि कुणाची भीड ठेवत नाही. तिने दोन सूर वाजवले, नाक वाकडं केलं आणि खालची फळी काढली. पाणी तिच्या मोज्यांवरून थेट गालिच्यावर गेलं.

"अगं आई गं! पियानो पाळलाय की मासे?"

मिर्री येऊन पाणी पिऊ लागली.

"इतकं पाणी कुणी घातलं?"

"मी घालत होते," राइलीबाई म्हणाल्या. "तो घालत नव्हता म्हणून."

"मी घालत होतो," ओसमो म्हणाले.

"तू? तू तर म्हणालास पियानोचं पियानोने बघावं!"

"म्हणालो."

"मग?"

"तसं बघवेना."

बाई खाली बसल्या, ओल्या गालिच्यावरच. मला बाहेर काढून बाजूला ठेवलं होतं, म्हणून त्यांचा चेहरा दिसला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे काचेतून नीट सांगता येत नाही.

तुइरेने निकाल दिला. तळ उकलला होता. बराचसा दुरुस्त होणार होता, पण अगदी खालचे काही सूर गेले ते गेलेच. "आणि हा कुठेही नेता येणार नाही," ती म्हणाली. "पायरी उतरताना बूड सोडेल."

"मिर्री," बाई म्हणाल्या, मग थांबल्या. मान वळवून थेट ओसमोंकडे बघितलं. "कॉफी टाक. तिघांची. आणि तुइरेला कोरडे मोजे दे."

तळ्याचं बर्फ गेलं. रस्ते सुकले. बाई बहिणीकडे गेल्या, आणि आठवड्याने परत आल्या. पियानो इथेच होता, म्हणून आल्या की आणखी कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात सान्नी आली, बूट दाराबाहेर काढून. तिने एका बोटाने सर्वांत खालची पट्टी दाबली. आवाज आला नाही. तिघंही त्या पट्टीकडे बघत राहिले. मग बाईंनी विचारलं, "ते यंत्र चालवताना हात दुखतात का गं?"

आता पुन्हा हिवाळा आहे आणि मी पुन्हा आत आहे. नळी काढून टाकली आहे. दर शनिवारी फळी निघते, ओसमोंचे गुडघे कुरकुरतात, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "घातलंस?"

"घातलं."

बाकी वेळ घर शांत असतं. ही शांतता पहिल्यासारखी आहे की मधल्यासारखी, हे मला इथून कळत नाही. काळजी वाटते. म्हणून मित्रांनो, एका बरणीची विनंती ऐका. कुणासाठी काही करत असाल तर गुपचूप करू नका. निदान झाकणावर टकटक तरी करा.

गेल्या शनिवारी, फळी लावल्यावर, ओसमोंनी दोनदा टकटक केली. मी वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बरं."