वार कोणी पुरायची

जावा बेटावरच्या आमच्या सुराबायात बाळ झालं की त्याची वार बापाने पुरायची असते. धुऊन, पांढऱ्या कापडात गुंडाळून, मातीच्या मडक्यात घालून, घराच्या दारापाशी. मुलगी असली तर डावीकडे, मुलगा असला तर उजवीकडे. वर पस्तीस दिवस दिवा. दुसऱ्या कोणी पुरली तर मूल त्याच्या वळणावर जातं, असं म्हातारी माणसं सांगतात. डॉक्टर बास्कोरो हे मानत नसत. ते शल्यविशारद, त्यात नौदलातले.

पण थोरली लारस झाली तेव्हा ते इस्पितळ-जहाजावर पूर्वेच्या बेटांकडे होते आणि वार पुरली मेव्हण्याने, पुजोने. पुजोचं टायरचं दुकान आहे. आज लारसला रबराच्या वासाशिवाय झोप येत नाही आणि बाप रजेवर आला की ती आईच्या कानात विचारते, "हे काका कधी जाणार?" तेव्हापासून डॉक्टर थोडंथोडं मानायला लागले.

"तुमच्या साहेबांना दुसरा डॉक्टरच दिसत नाही का हो?" त्यांची बायको रेत्नानिंग दर वेळी बॅग भरताना म्हणायची.

"हुकूम, रेत्ना. हुकमापुढे काय बोलणार?"

हुकूमबिकूम काही नसायचा. कोण जायला तयार आहे म्हणून साहेब नावं मागायचे आणि डॉक्टरांचा हात इतरांआधी वर जायचा. बेटांवर खरंच डॉक्टर नसतो, हे एक झालं. दुसरं असं, की बेटावर उतरलं की गाव कोंबडी घेऊन उभं राहतं, आणि घरी उतरलं की सासूबाई म्हणतात, "आलात? गॅस संपलाय."

खोटं बोलण्यात हुशारी लागते. ज्या वसाहतीत अधिकाऱ्यांच्या बायका दर महिन्याला भिशीला एकत्र बसतात, तिथे हुकमाची थाप मारणारा माणूस हुशार म्हणता येणार नाही. रेत्नाला आठवा लागला होता. केळीच्या पानातला चिकट भात सोलता सोलता कप्तानांची बायको कौतुकाने म्हणाली, "तुझा नवरा म्हणजे सोनं आहे गं! नाव विचारायच्या आत हात वर. या वेळीसुद्धा!"

रेत्नाने भात संपवला, घरी आली आणि नवऱ्याची बॅग भरली.

"हुकूम आहे ना?"

"हो... म्हणजे, आहेच."

"मग जा. हुकमापुढे काय बोलणार?"

बायको समजूतदार झाली, असं वाटून डॉक्टर जहाजावर चढले.

मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा ते एका बेटावर कोळणीचं पोट शिवत होते. तिचंही मूल सुखरूप होतं. बाहेर येताच कोळणीच्या घरच्या म्हातारीने त्यांच्या हातात मडकं दिलं. "बाप समुद्रावर आहे, डॉक्टर. मूल तुम्ही काढलंत, वारही तुम्हीच पुरा. नाव बास्कोरोच ठेवतोय."

नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी खड्डा खणला. सगळं गाव त्यांच्याकडे प्रेमाने बघत होतं, आणि त्यांना मात्र चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. त्यांनी घरी फोन लावला.

"रेत्ना, वार कोणी पुरली? पुजोने?"

"नाही."

"मग?"

"ठेवलीय. आलात की बघाल."

जहाज परतलं. दारात सासूबाई उभ्याच होत्या. "आलात? आता तरी माझा फ्रीझर मोकळा करा. मासे ठेवायला जागा नाही की हो!"

फ्रीझरमध्ये, मटाराच्या पिशवीशेजारी, पांढऱ्या कापडातली पुरचुंडी होती. दगडासारखी.

"दाजी, कुदळ आणू?" पुजोने विचारलं. त्याच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं.

"तू नको. तू लांब उभा राहा."

पुरायच्या आधी वार धुवायची असते, आणि गोठलेली वार धुता येत नाही. डॉक्टर परातीत ती घेऊन ओट्यावर बसले. बर्फ आपल्या सवडीने वितळत होता. रेत्ना समोर येऊन बसली आणि बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हुकूम नव्हता," शेवटी डॉक्टर परातीकडे बघत म्हणाले. "एकदाही नव्हता."

"माहीत आहे. भिशीत कळलं."

"मग जाऊ का दिलंस?"

"तुम्ही स्वतः सांगाल म्हणून. दारात चप्पल घालेपर्यंत वाट बघत होते मी."

डॉक्टरांनी वार धुतली. बेटावर मडकं एकदाही निसटलं नव्हतं, इथे दोनदा निसटलं. उजवीकडे खड्डा खणला, मडकं ठेवलं, माती लोटली.

"दिवा पस्तीस दिवस," रेत्ना म्हणाली. "साहेबांनी मधेच बोलावलं तर?"

"हुकूम आला तर जावं लागेल. तुला कागद दाखवीन."

"आणि नुसती नावं मागितली तर?"

डॉक्टरांना त्या बेटावरची म्हातारी आठवली. काडी ओढली तर वाऱ्याने विझली. दुसरी लागली. ते ज्योतीभोवती दोन्ही हात धरून तिथेच उकिडवे बसून राहिले.