टेबलाच्या अलीकडे

शहराच्या आरोग्य खात्याची सूत्रं उभी हयात सांभाळून डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. साथीच्या दिवसांत घरोघरी फिरून त्यांनी अडून बसलेल्या भल्याभल्यांना लस घ्यायला लावली होती. आणि आता त्यांच्याच घरात सून तान्ह्या नातीची लस आज-उद्या करत पुढे ढकलत होती.

"शेजारचं बाळ लस दिल्यावर किती किरकिरत होतं, ऐकलंत ना?" सून म्हणाली.

याचं उत्तर डॉक्टरीणबाईंना तोंडपाठ होतं. "हे बघ, लशीनंतर—"

"आई, हे डॉक्टर म्हणून सांगताय की आजी म्हणून?"

त्यांची गाडी तिथेच अडली. डॉक्टर म्हणून की आजी म्हणून, ते त्यांनाच कळेना.

"यांच्या लशीच्या वेळी तुम्हाला भीती नाही वाटली?" सुनेनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

त्या आठवू लागल्या. काहीच आठवेना.

"आई नव्हतीच तेव्हा," मुलगा भाजी निवडता निवडता म्हणाला. "कुठल्याशा वस्तीत मोहिमेवर होती. बाबांनी नेलं मला. माझ्यापेक्षा तेच जास्त रडले म्हणे."

यावर हसावं की वाईट वाटून घ्यावं, डॉक्टरीणबाईंना उमजेना. "खरं सांगू?" त्या सुनेला म्हणाल्या. "मला भीती वाटली असती का, तेच माहीत नाही गं."

सून जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही याल बरोबर? मांडीवर तुम्हीच घ्या. मला बघवणार नाही."

लसीकरण केंद्रावरच्या नर्सबाई त्यांना बघताच ताडकन उठल्या. "मॅडम, इकडे बसा ना!" सवयीनं डॉक्टरीणबाई टेबलापलीकडच्या खुर्चीकडे वळल्या, थबकल्या, आणि गोंधळून परत येऊन आयांच्या बाकावर टेकल्या. सुई जवळ आली तशी त्या एकदम म्हणाल्या, "थांबा, थांबा!"

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. टोचा."

काय झालं होतं, ते त्यांना सांगताही आलं नसतं.

दुपारी नातीचं अंग जरा तापलं. असं होतं, घाबरू नका, हे त्यांनी आजवर किती आयांना सांगितलं असेल! तरी हात पुन्हा पुन्हा त्या इवल्या कपाळाकडे जात होता.

"एवढा ताप येतोच ना, आई? नर्सबाई म्हणाल्या होत्या."

"येतो, येतो." त्या पुन्हा पाळण्याशी गेल्या. "तरी पण... एकदा डॉक्टरांना विचारून घेऊया का?"

सून आधी अवाक झाली, मग पोट धरून हसत सुटली. डॉक्टरीणबाईही हसू लागल्या, आपण कशाला हसतोय ते नीटसं न कळताच.