न मागितलेलं तेल

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पॉलचं बोलणं बंद झालं. श्वास चालू होता. उमेळे गावात फादर आजाऱ्याला शेवटचं तेल लावायला येणार म्हटलं की घरातली बाई आधी स्टुलावर पांढरं कापड अंथरते, मेणबत्त्या लावते. पॉलच्या बायकोनं, एमिलीनं, यातलं काही केलं नव्हतं. फादरना बोलावलं होतं तिच्या दिरानं, थॉमसनं.

फादर फ्रेडरिक सायकलवरून आले. तेलाची डबी त्यांनी खिशातून काढली, पण उघडली नाही.

"एमिली, बोलता येत होतं तोवर त्यानं हे मागितलं होतं का? फादरला बोलाव, एवढं जरी म्हणाला असेल तरी चालेल."

"नाय मागितलं."

थॉमस दारातून पुढे आला. "वयनी, हो म्हन. कोन तपासायला येनार हाय?"

"जो येनार हाय, त्याच्याच नावानं तेल लावायचं ना?" एमिली म्हणाली.

या एका होकारावर पॉलची पुरायची जागा ठरणार होती. देवळाची पायरी चढत नाही त्याला देवळाच्या आवारात माती नाही, असं गावच्या कमिटीनं त्याच्या आजारपणातच सांगून ठेवलं होतं. त्याच आवारात त्याची मुलगी मार्था होती. नऊ वर्षांपूर्वी, सात वर्षांची असताना, ती तापानं गेली. पुरताना तेव्हाचे फादर म्हणाले, देव चांगली फुलं लवकर खुडतो. पॉल मोगऱ्याची वाडी करायचा. सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या वाडीतली फुलं खुडतो त्याला आमी चोर म्हनतो." त्यानंतर तो कधी आत गेला नाही. एमिली मात्र रोज सकाळी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जात राहिली, आणि घरी आल्यावर त्याला चहा देत राहिली. दोघांनी एकमेकांना अडवलं नाही.

"तुला वाटतं ना, त्याला तेल मिळावं?" फादरनी विचारलं.

"नऊ वर्षं रोज मागते, फादर. त्यानं मागावं म्हनून मीच मागते. नाय मिळालं." तिनं पॉलच्या ओठांवर ओलं फडकं टेकवलं. "गुरवारी मी त्याला विचारलं. चांगला शुद्धीत होता. म्हनाला, 'तू जा, तुझी ओळख हाय त्याच्याशी. माझं भांडन मिटलेलं नाय.' आता तो गप पडलाय तर त्याच्या तोंडात मी माझा शब्द घालू?"

"मंग ठेव त्याला कुंपनाबाहेर," थॉमस म्हणाला. "तुझं खरं तू गळ्यात बांधून फिर."

"कुंपनाबाहेर नाय. तो मार्थाच्या बाजूलाच जानार. पन मी खोटं बोलले म्हनून नाय."

फादर खाटेजवळ सरकले. मग म्हणाले, "भांडण मिटलं नाही, असं म्हणाला? समोर कुणी नाहीच असं वाटलं तर माणूस भांडेल कशाला?"

"ते तुमी जिथं सांगायचं तिथं सांगा. मी ऐकलं तेवढं बोलले."

त्यांनी डबी खिशात ठेवली, खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना केली. एमिलीनं प्रत्येक ओळीला आमेन म्हटलं. थॉमस बाहेर जाऊन विडी ओढत उभा राहिला.

रविवारी पहाटे पॉल गेला. तेल लागलं नव्हतं. देवळाची घंटा वाजली नाही. कमिटीनं दफनभूमीच्या फाटकाला कुलूप घातलं. पहिली मिस्सा उरकून फादर फ्रेडरिक मुंबईला निघाले, पॉलला आवारात पुरता येईल का हे बिशपांना विचारायला. कमिटीला त्यांनी एवढंच सांगितलं, मी येईपर्यंत काही ठरवू नका.

थॉमस म्हणाला, "वाडीतच खड्डा काढू. आपली जागा, कोनाच्या बापाची नाय."

"वाडीत मोगरा हाय," एमिली म्हणाली. "तू सायकल काढ, नायगावच्या कोळीवाड्यात जा. बरफ आन, फादर येईपर्यंत पुरंल एवढा."

बर्फाची लादी आली, पॉलच्या खाटेखाली ठेवली. तिच्यावर टाकायला भुसा आला. शेजारणी येऊन बसल्या. त्यांतली एक म्हणाली, "बाय, एक शब्द तर बोलायचा होता." एमिलीनं तिला जपमाळेची पुढची प्रार्थना म्हणायला सांगितलं.

सोमवारी दुपारपर्यंत फादर परतले नव्हते. फाटकाचं कुलूप तसंच होतं. खाटेखालून बर्फाचं पाणी ओटीवर आलं, तेव्हा एमिलीनं ते पुसून काढलं आणि थॉमसला पुन्हा सायकल काढायला सांगितलं.

"मोठी लादी आन या वेळी," ती म्हणाली.