विज्ञानकथेला लावलेला कौल

डिचोलीतील एका साहित्य मंडळाने नवोदितांसाठी विज्ञानकथेची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा पत्रकात ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हे शब्द ठळक टाइपात होते. पहिल्या क्रमांकाच्या लेखकाचे पुस्तक मंडळ छापणार होते. मये गावच्या संजनाने केवळ त्या आश्वासनापायी कथा पाठवली. तिच्या हस्तलिखिताला नकार कळवण्याचेही कष्ट आजवर कोणा प्रकाशकाने घेतले नव्हते.

परीक्षकांनी एकमताने तिचीच कथा निवडली. तीत पुढच्या शतकातले एक गाव डोंगर खणावा की नाही, असे देवीला विचारते. देवी नको म्हणते. मग होकार मिळेपर्यंत गाव विचारतच राहते.

मंडळाचे अध्यक्ष गोकुळदास यांचे खनिज वाहणारे ट्रक होते. वाङ्मयाशी त्यांचा संबंध अध्यक्षपदापुरता. “देवीची थट्टा छापायची, तर आधी तिला विचारायला नको?” ते म्हणाले. एकही परीक्षक हसला नाही. पुढच्या वर्षीही त्यांना परीक्षक व्हायचे होते.

अशा रीतीने विज्ञानकथा देवळात पोहोचली. गुरुदास भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

उजवी पडली.

“वारो लागलो तिका,” गोकुळदास वर पाहत म्हणाले. “पंखो बंद कर रे!”

पंखा बंद झाला. पुन्हा उजवीच.

“भटजी, तुमचे गाऱ्हाणेच अर्धवट. सगळे सविस्तर सांगा तिला.”

“मग काय, आख्खी कथा वाचून दाखवू?” गुरुदास पुटपुटले, पण पाकळ्या पुन्हा लावल्या.

या खेपेस डावी पडली. सर्वांनी भक्तिभावाने हात जोडले, आणि विचारणे तिथेच संपले.

खांबापाशी उभ्या असलेल्या संजनाकडे वळून गोकुळदास मायेने म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नको गे बाय. उत्तेजनार्थ देऊ तुला. शाल, श्रीफळ.”

“ते देवीला द्या, बाब. माझी कथा कळली ती तिला एकटीलाच.”

समारंभात निवेदिकेने सद्गदित स्वरात घोषणा केली, की नवोदित लेखिका संजना यांनी आपले पारितोषिक देवीचरणी अर्पण केले असून पुस्तकाचा निधी आता सभामंडपाच्या फरशीला लागेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. संजना ताडकन उभी राहिली. “मी असे म्हटलेले नाही!”

शेजारच्या बाईने तिचा हात धरून तिला खाली बसवले. “किती नम्र गे तू, बाय!”